तिसरं बटण

टॉवेल काढायला म्हणून मंजुळानं नवऱ्याच्या बॅगेत हात घातला आणि हाताला लेकाचा, आनंदचा शर्ट लागला. बघायची गरजच नव्हती. वरून तिसरं बटण बाकीच्यांपेक्षा थोडं मोठं होतं. बारा वर्षांपूर्वी तिनंच ते जुन्या परकराच्या नाडीजवळचं काढून लावलेलं. बोटाला ते बटण लागलं आणि बोट तिथंच राहिलं. बाहेर हॉलमध्ये टीव्हीवर कुणीतरी कुणाला तरी हसवत होतं, स्वयंपाकघरात अक्का कांदा परतत होत्या, आणि इथं आतल्या खोलीत, दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या पलंगावर बसून मंजुळा बॅगेत कोपरापर्यंत हात घालून, गाईच्या पोटात वासरू अडलेलं चाचपणाऱ्या माणसासारखी थिजून राहिली. हा शर्ट कळव्याच्या घरी कपाटात, वरच्या खणात, तिच्या लग्नातल्या शालूखाली असायचा. दर दिवाळीला ती तो बाहेर काढायची, उन्हात टाकायची, इस्त्री करायची आणि पुन्हा शालूखाली ठेवायची. तो इथं डोंबिवलीत कसा आला?

कसा म्हणजे विश्रामनं आणला, हे उघडच होतं. बॅग त्याची, भरली त्यानं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं स्वतःची बॅग स्वतः भरलेली, आणि मंजुळाला त्याचं कौतुकच वाटलेलं. ऑक्टोबरात तो वागळे इस्टेटमधल्या कंपनीतून रिटायर झाला तेव्हापासून त्यानं तीनच गोष्टी केल्या होत्या: सकाळी दोन वर्तमानपत्रं वाचायची, दुपारी तीच पुन्हा वाचायची, आणि यात्रा कंपनीचं माहितीपत्रक उशाशी घेऊन झोपायचं. हरिद्वार, प्रयाग, काशी, गया. एकतीस दिवस, जेवणखाण धरून, कल्याणहून स्वतंत्र बोगी. गाडी शुक्रवारी दुपारी होती. पण भटजींनी काढून दिलेली निघायची चांगली वेळ होती बुधवारी सकाळची. पूर्वी असं झालं की प्रस्थान ठेवायचे. तांदूळ, सुपारी, हळकुंड फडक्यात बांधून त्या वेळेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं, म्हणजे प्रवास सुरू झाला असं धरायचं. मग माणूस सावकाश निघाला तरी चालतं. विश्रामची मोठी बहीण कलावती, जिला घरात सगळे अक्का म्हणत, तिनं हे ऐकलं आणि फोनवरच म्हणाली, "गाठोडं कसलं पाठवतोस? माणसंच पाठव की! दोन दिवस इथं हातपाय पसरा, मंजुळाला जरा आराम पडू दे, आणि शुक्रवारी इथनंच कल्याणला जा." म्हणून मंजुळा स्वतःच आता ते गाठोडं होती. प्रस्थान ठेवलं की पुन्हा घरी जायचं नसतं. कळवा इथून चार स्टेशनांवर होतं, आणि कालपासून तिला तिथं जायची बंदी होती.

आराम तिला जमत नव्हता. अक्कांच्या ह्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सगळं होतं. भिंतीत दडवलेला गिझर, बसलं की आत ओढून घेणारा सोफा, दाबलं की उजळणारी बेल. अक्का तिला भाजीच्या देठालासुद्धा हात लावू देत नव्हत्या. "तू बस. पाय वर घे. घे म्हणते ना!" मंजुळा पाय वर घ्यायची आणि ते तिला दुसऱ्याच कुणाचे तरी वाटायचे. काल सकाळी कळव्याच्या दाराला तिनं कुलूप घातलं ते गेल्या बारा वर्षांतलं पहिलं कुलूप. बारा वर्षांत घर एकदाही बंद नव्हतं. लग्नाला गेला तर विश्राम एकटा, मयताला गेली तर ती एकटी. दुसरा घरात. डोंबिवलीत असे फ्लॅट स्वस्तात मिळत होते तेव्हा विश्राम दोनदा कागदपत्रं घेऊन आला, दोन्ही वेळा ती काहीच बोलली नाही, फक्त जेवली नाही. चाळीतली दोन खोल्यांची जागा, दारापुढचा नळ, नळाशेजारचं शेवग्याचं झाड, हा पत्ता बदलून चालणार नव्हता. ज्याला यायचंय त्याला हाच ठाऊक होता. काल शेजारच्या जनाबाईच्या हातात दुसरी किल्ली देताना ती म्हणाली, "संध्याकाळी दिवा लावशील ना?" जनाबाई म्हणाली, "अगं, तू काशीला चाललीस का तुरुंगात? जा मजेत."

आणि आता हा शर्ट. फिकट आकाशी, बारीक रेघांचा. तिनं तो बाहेर काढला नाही, तसाच बोटांनी वाचत राहिली: कॉलर, खिसा, काज्याची धार. आणि हळूहळू तिच्या अंगात काहीतरी गरम पसरत गेलं. म्हणजे ह्यांनाही! म्हणजे ह्यांनाही तेच वाटतंय! कारण मंजुळानंही आपल्या पिशवीत, साड्यांच्या तळाशी, एक वस्तू लपवून आणली होती. खारीगावचा धाकू दोन वर्षांपूर्वी अशाच यात्रेला गेलेला. मासळी विकायचं सोडून माळ घातलेला माणूस, खोटं कशाला बोलेल? तो येऊन सांगत होता, हरिद्वारला घाटामागच्या एका खानावळीत मराठी बोलणारा एक जण वाढायला होता. "वहिनी, नाव नाय सांगला त्यानं. पन कलव्याचं नाव काढलं नि तो जो आत गेला तो परत भायेर आलाच नाय." विश्रामनं तेव्हा वर्तमानपत्रातून डोकंसुद्धा काढलं नव्हतं. मंजुळानं मात्र दुसऱ्या दिवशी ठाण्याला जाऊन करड्या रंगाची लोकर आणली. माप कुणाचं घ्यायचं? अक्कांचा प्रभाकर आनंदपेक्षा दोन महिन्यांनी मोठा. दोघं एकाच पाळण्यात निजलेले. आनंदही आता प्रभाकरएवढाच असणार, एकतीसचा. म्हणून तिनं "बघू रे जरा" म्हणत प्रभाकरच्या पाठीला दोरा लावला होता. प्रभाकर म्हणाला, "मामी, मला स्वेटर? डोंबिवलीत? इथं थंडी पडते ती पेपरात!" मापात तिनं थोडं कमी धरलं. प्रभाकरला पोट सुटलं होतं. खानावळीत वाढणाऱ्याला कुठलं सुटतंय. मग लगेच तिला वाटलं, असं का धरावं? बरं चाललं असेल त्याचं. तिनं चार टाके उसवून पुन्हा वाढवले.

टॉवेल न घेताच ती हॉलमध्ये आली. विश्राम सोफ्यावर आडवा होता, टीव्हीच्या आवाजात ढाराढूर झोपलेला, तोंड किंचित उघडं. असं झोपलेलं तिनं त्याला किती वर्षांत बघितलं नव्हतं. कळव्याला तो झोपायचा म्हणजे नुसता पडायचा; दारावर मांजराचं अंग घासलं तरी त्याचे डोळे उघडायचे. तिला त्याची माया आली. माणसानं किती मनात ठेवावं! बारा वर्षं एका घरात राहून, एका नळाचं पाणी पिऊन, दोघांनी एकमेकांपासून एकच गोष्ट लपवायची. तिनं त्याच्या पायावर चादर टाकली. टीव्ही बारीक केला. मग स्वयंपाकघरात गेली आणि अक्कांना म्हणाली, "वन्सं, तेल घालता का हो डोक्याला?" अक्कांनी चकित होऊन बघितलं. "आता कशी वळणावर आलीस! बस."

ती अक्कांच्या दोन गुडघ्यांमध्ये जमिनीवर बसली. कोमट तेल टाळूवर पडलं आणि मानेमागून ओघळलं. खिडकीतून खालच्या टँकरचा आवाज, बादल्यांची भांडणं, संध्याकाळचं पिवळं ऊन. अक्कांची बोटं जाड, सावकाश. मंजुळाचे डोळे मिटले. तिला खरोखरच आराम वाटला, आणि तो वाटतोय हेही जाणवलं. आईनं तेल घातलं होतं ते शेवटचं आनंदच्या वेळी, बाळंतपणात. मग ह्या बोटांमधून आईची बोटं, आणि आईच्या बोटांतून आनंदच्या टाळूवर फिरणारी स्वतःची बोटं. टाळूचा तो मऊ, धडधडणारा खळगा. तिथं दाबायला भीती वाटायची. कुठल्या तरी खानावळीत आता तो खळगा टणक होऊन केसांखाली असेल. हरिद्वारला गेल्यावर आधी बोलायचंच नाही. नुसतं पंगतीत बसायचं. वाढत वाढत तो जवळ येईल. त्याचे पाय आधी दिसतील, पायाच्या अंगठ्यावरची नखाची फट. मग वर बघायचं.

"मंजुळा," अक्का वरून म्हणाल्या, "एक बोलू? मन घट्ट केलंस ते बरं केलंस. मला धाकधूक होती, तू तयार होतेस का नाही. पण विश्राम म्हणाला, बारा वर्षं पुरी झाली, आता करायलाच हवं. गयेसारखी जागा नाही बघ त्याला. मोकळा होईल पोर."

बोटं तशीच फिरत होती. मंजुळानं डोळे उघडले. समोर फ्रीजचं पांढरं दार होतं आणि त्यात तिचं नि अक्कांचं मिळून एकच धूसर काहीतरी दिसत होतं, चार हातांचं.

"काय करायला हवं?" ती म्हणाली.

बोटं थांबली. "अगं," अक्का म्हणाल्या, "त्यानं सांगितलं नाही तुला? देवा! मला वाटलं… अगं, मला तर तो म्हणाला तुला ठाऊक आहे सगळं."

तिनं उठून जाऊन शर्ट बाहेर काढला. आता उजेडात. खिशात चौघडी केलेला कागद होता, भटजींच्या अक्षरात. पळसाची पानं तीनशे साठ. डोक्यासाठी नारळ. डोळ्यांसाठी कवड्या दोन. दर्भ, काळे तीळ, सातू. आणि सगळ्यात खाली विश्रामच्या अक्षरात, पेन्सिलीनं: त्याचा एखादा कपडा. बारा वर्षं ज्याचा पत्ता नाही त्याचा असा पानांचा पुतळा करतात, नारळाचं डोकं लावतात, अंगावर त्याचा कपडा घालतात आणि त्याला अग्नी देतात, हे मंजुळाला माहीत नव्हतं असं नाही. कळव्याला चाळीतल्या दगडाबाईच्या दीराचं असंच केलं होतं. तेव्हा ती स्वतःच म्हणाली होती, बरं झालं, सुटला बिचारा. दुसऱ्याचा दीर होता. म्हणायला काय लागतं. तीनशे साठ पानं. कोण मोजतं ती? पायाला किती, छातीला किती, असा हिशेब असेल ना? आणि हे तिसरं बटण नारळाखाली, पानांच्या छातीवर येईल.

ती पलंगावर बसली होती तशीच, दिवा न लावता, विश्राम उठून आत आला तेव्हा. केस विस्कटलेले, गालावर सोफ्याची नक्षी. तिच्या मांडीवरचा शर्ट बघून तो दारातच थांबला. मग दार लोटलं आणि तिच्या शेजारी, हातभर अंतर ठेवून बसला.

"गयेला पोचल्यावर सांगणार होतो," तो म्हणाला.

"पुतळा पेटल्यावर?"

"मंजुळा, तो असला तर असू दे की. विधी केला म्हणून जितं माणूस मरत नाही. पण नसला तर तो असा… कुठंतरी लटकत… कुणी सोडवायचं त्याला?"

"तो आहे. धाकूनं बघितलाय."

"धाकूनं गेल्या वर्षी विठोबापण बघितला होता." तो हसला नाही. हातांकडे बघत राहिला. "तुला एक सांगतो. ओव्हरटाइम म्हणून मी जायचो ना, अधूनमधून. ओव्हरटाइम नसायचा. रेल्वेच्या पोलिसांकडे मी नाव देऊन ठेवलं होतं. बेवारस कुणी मिळालं, त्या वयाचं, की ते कंपनीत फोन करायचे. ठाणे, कल्याण. एकदा इगतपुरी. सत्तावीस वेळा गेलो मी. सत्तावीस वेळा कापड उचललं. पहिल्या पहिल्यांदा तो नाही दिसला की रडू फुटायचं, बरं वाटून. आणि शेवटच्या वेळी, दोन वर्षं झाली त्याला, कापडाला हात लावला आणि माझ्या मनात आलं… असू दे हाच. एकदाचा असू दे. त्यानंतर मी गेलो नाही. फोन आला तरी गेलो नाही."

मंजुळाला नळ दिसत होता, चाळीपुढचा. ओव्हरटाइमवरून आला की विश्राम घरात पाऊल टाकायच्या आधी, कपड्यांसकट, बाहेरच्या नळाखाली बसायचा. थंडीतसुद्धा. डोक्यावरून बादल्याच्या बादल्या. आणि ती आतून ओरडायची, "पाणी काय तुमच्या वडिलांनी भरून ठेवलंय?" मयतावरून आलेला माणूस आंघोळ केल्याशिवाय घरात येत नाही, एवढं साधं, कुणाच्याही लक्षात आलं असतं. बारा वर्षं ती दाराकडे बघत होती. नळाकडे नाही. त्या त्या संध्याकाळी तिनं त्याला गार जेवण वाढलं होतं, रागानं.

"मला इथं झोप लागते गं," विश्राम म्हणाला, लहान मुलासारखं. "दोन दिवस झाले. इथल्या दारावर कुणी येणार नाही, म्हणून असेल."

रात्रभर तो झोपला आणि ती जागी राहिली, एवढंच. पहाटे तिनं शर्ट घडी करून पुन्हा त्याच्या बॅगेत ठेवला. शुक्रवार उजाडला. अक्कांनी पुऱ्या तळल्या, कुणाच्या तोंडाकडे न बघता. प्रभाकर ऑफिसला दांडी मारून घरी थांबला होता. त्याला काही माहीत नव्हतं, किंवा सगळं माहीत होतं. "मामी, गयेहून मला काय आणाल? पाप धुतलेलं पाणी नको हां, इथं नळाला तेच येतं." त्याचे केस पुढून विरळ झाले होते. मंजुळा त्याच्या त्या उघड्या पडलेल्या कपाळाकडे बघत राहिली, आणि तिला पहिल्यांदाच कळलं की ती आनंदला प्रभाकरमधून मोठा करत होती, दर वर्षी थोडाथोडा. प्रभाकरला चष्मा लागला की त्याला चष्मा, प्रभाकरला पोट आलं की त्याला पोट. प्रभाकर नसता तर तो एकोणीसचाच राहिला असता. त्या शर्टाएवढा.

अक्कांनी दोघांच्या हातावर दही घातलं. विश्रामनं ते चाटलं, चपला घातल्या, बॅग उचलली. प्रभाकर रिक्षा आणायला पुढं गेला. मंजुळा आपली पिशवी घेऊन दारात उभी होती आणि तिच्या तळहातावर दही तसंच होतं, आंबट, गार. विश्राम जिना उतरू लागला. त्याची पाठ दिसत होती, डाव्या हाताला बॅग जड म्हणून डावीकडे कललेली.

अशीच एक पाठ. मार्गशीर्षातली सकाळ, शेवग्याचं झाड, नळापुढून जाणारी वाट. नाशिकला नोकरीची मुलाखत आहे म्हणाला होता. हातावर दही घातलं, वाकून पाया पडला. आठवड्यापूर्वी बापलेकांत जे काही झालं होतं, दुसऱ्यांदा बारावी नापास झाल्यावरून, ते मिटलं असं तिला वाटलं. तो दहा पावलं गेला आणि तिचं लक्ष वळचणीच्या दोरीकडे गेलं. आकाशी शर्ट. आदल्या दिवशी मुद्दाम मुलाखतीसाठी म्हणून तिनं बटण लावून, धुऊन वाळत घातलेला, तो तिथंच. मुलाखतीला निघालेला माणूस मुलाखतीचा शर्ट कसा विसरेल? तोंड उघडलं होतं तिनं. आ-पर्यंत आवाज आला होता. पण कामाला निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये. हाक मारली की काम फिसकटतं. पोराची पहिलीच मुलाखत. तिनं तोंड मिटलं, स्वतःशी म्हणाली, असू दे, अंगातलाही चांगला आहे. आणि तो नळ ओलांडून, झाड ओलांडून, कोपऱ्यावरून वळला. हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. विश्रामला नाही, पोलिसांना नाही, देवाला नाही. शर्ट राहिला होता, हे तिला दिसलं होतं.

"अहो!"

जिन्यात आवाज घुमला. मागून अक्कांनी कपाळाला हात लावला, "अगं अगं, मागून काय हाक मारतेस! प्रस्थान मोडलंस!" खालच्या मजल्यावर कुणीतरी दार किलकिलं केलं. आणि विश्राम थांबला. एक पाय खालच्या पायरीवर, एक वरच्या. मान वळवून त्यानं वर बघितलं, थोडा वैतागून.

"काय?"

बस. एवढंच. हाक मारली की माणूस थांबतो. वळून बघतो, वैतागतो, काय म्हणतो. त्याला काही होत नाही. मंजुळा कठड्याला टेकून उभी राहिली. ती त्या थांबलेल्या पायांकडेच बघत होती.

"बोल की. गाडी जाईल."

"मी येत नाही," ती म्हणाली. "मी कळव्याला जाते. घर बंद आहे."

विश्रामला नवल वाटलं नसावं.

"शर्ट द्या."

त्यानं बॅग पायरीवर टेकवली, चेन ओढली आणि न बघता आत हात घातला. मंजुळानं बघितलं, त्याची बोटं टॉवेल, धोतर, डबा चाचपत नव्हती. सरळ गेली, आणि थांबली. न बघता त्याला तो सापडला. तोही कधीतरी, ती घरात नसताना, शालूखाली हात घालत असणार.

"मग त्याला काय घालू?" त्यानं शर्ट वर धरून हळूच विचारलं. कुणाला, ते बोलला नाही.

मंजुळा चार पायऱ्या उतरली. मोकळ्या हातानं शर्ट घेऊन खांद्यावर टाकला. पिशवीच्या तळातून, साड्यांखालून, करडा स्वेटर काढला आणि त्याच्या हातात दिला. त्यानं तो उलगडला. बाह्या खाली लोंबल्या, मोठ्या माणसाच्या. त्यानं एकदा स्वेटरकडे, एकदा तिच्याकडे बघितलं.

"गाडी आधी हरिद्वारला जाते ना?" ती म्हणाली. "घाटामागं खानावळ आहे. तिथं पंगतीत बसा. नीट बघा. पाय बघा त्याचे. असला तर हा त्याला द्या. नसला तर मग गयेला… तिथं त्याला हाच घाला. त्याच्या आताच्या मापाचा आहे."

विश्रामनं स्वेटरची घडी घातली, तिनं घातली असती तशीच, बाह्या आत दुमडून. बॅगेत ठेवला. चेन लावली. मग तिच्या तळहाताकडे बोट केलं. "दही घे ते," तो म्हणाला, "नासतंय," आणि उतरायला लागला. तिनं चाटलं. दुसरा मजला. पहिला. त्याच्या उजव्या चपलेचा आवाज डावीपेक्षा मोठा होता. खाली रिक्षा फुरफुरत होती, प्रभाकर कुणाला तरी बाजूला हो म्हणून ओरडत होता. आता हाक मारली तर तो पुन्हा थांबेल, परत वर येईल, स्वेटर बाहेर काढून देईल, सगळं आहे तसं राहील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं शर्टाचा बोळा करून तोंडात कोंबला आणि रिक्षाचा आवाज कोपऱ्यावरून वळेपर्यंत तो तसाच दातांत घट्ट धरून ठेवला.